साइन ऑन चरोदा, साइन ऑफ दुर्ग

पहाटे ३.१५

गजर व्हायच्या आधीच जाग आली. मालगाडीचा गार्ड म्हणून तीस वर्षांवर नोकरी झाली. त्यातली बरीच वर्षं माझी झोप कॉलबॉयने मोडली. रात्री-अपरात्री तो सायकल भिंतीला टेकवायचा, कडी वाजवायचा आणि कॉलबुक पुढे करायचा. त्यात आपलं नाव, गाडी, वेळ. समोर सही केली की दोन तासांत लॉबीत हजर व्हायचं आणि साइन ऑन करायचं. २०१९ ला निवृत्त झालो. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून ते नाव बदललं. पण नवरात्रात पहाटे कडी वाजल्यासारखी अजून वाटते.

देवघरात घट आहे, आज तिसरी माळ. हिने आंघोळ करून झेंडूची माळ स्वतःच्या हाताने बांधली. अखंड दिवा असलेल्या घराला कुलूप घालायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण हिने लग्नापासून पाळली आहे. दिवा आता सूनबाईच्या स्वाधीन. ती विचारत होती, "आई, तेल किती वेळाने घालू?" ही म्हणाली, "वात बघायची बाई, घड्याळ नाही."

पिशवीत दोन पाण्याच्या बाटल्या, माझ्या गोळ्या, साखर तपासायचं यंत्र, बिस्किटांचा पुडा, सुती मोज्यांचे चार जोड. हिच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू, हिचा नऊ दिवसांचा उपास आहे. मोठी पिशवी मुलगा ड्यूटीवर जाताना दुर्गच्या हॉटेलात ठेवून जाईल. कपडे, टॉवेल, चादर, हातभर आरसा आणि बॅटरी त्या पिशवीत आहेत. आरशाचं काम दुपारी.

पहाटे ४.१५

निघालो. यार्डात शंटिंग चालू होतं. बफरला बफर लागल्याचा आवाज आमच्या गल्लीत चोवीस तास येतो. पाहुण्यांना झोप लागत नाही, आम्हाला त्याच्याशिवाय लागत नाही. चरोदा म्हणजे हे यार्डच. लोक आजही बीएमवाय म्हणतात, भिलाई मार्शलिंग यार्ड. भिलाईच्या पोलाद कारखान्याकडे जाणारं खनिज आणि कोळसा, कारखान्यातून निघणारं पोलाद, सगळ्याची जुळवाजुळव इथे. भंडारा-गोंदियाकडची किती मराठी घरं या नोकरीने इथे आणून रुजवली, त्यातलंच आमचं एक.

काल संध्याकाळी दोघं देवबलोद्याला जाऊन आलो. कलचुरी काळातलं महादेवाचं मंदिर आहे, शिखर अर्धवट राहिलेलं. देवीकडे निघण्याआधी त्याला सांगून निघायचं, असा आमच्या घरचा पाठ.

परतताना समोरच्या घरातले दादा फाटकात उभे होते. ते इंजिनड्रायव्हर, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. म्हणाले, "ऐकलं, हॉटेलची खोली घेतली म्हणे. अरे, गादीवर झोपून कसली पदयात्रा?"

मी विचारलं, "दादा, रनिंग रूममध्ये किती रात्री झोपलात?"

"ते वेगळं. ती ड्यूटी होती."

"ही पण ड्यूटीच आहे दादा."

ते गप्प झाले, मग म्हणाले, "सांभाळून जा." माझं बोलणं त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. पण रात्रभर तोच विषय डोक्यात होता, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

गाडी घेऊन मुख्यालयाबाहेर गेलेल्या माणसाला गोंदियाला, बिलासपूरला रनिंग रूम असते. खाट, धुतलेली चादर, गरम जेवण, खिडकीला जाड पडदा. रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस तिथे भर दुपारी झोपतो, आणि बाहेर कोणी मोठ्याने बोललं तर त्याला दटावतात. नेमून दिलेली विश्रांती झाल्याशिवाय परतीची गाडी देत नाहीत. त्या झोपेला आळस म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. जागरणाने जड झालेल्या डोळ्यांसमोर सिग्नल लाल असतो आणि तरी तो दिसत नाही, हे आमच्यातला प्रत्येक जण जाणतो. मग देवीच्या वाटेवर तेवढीच विश्रांती घेतली तर भक्ती कमी कशी होते?

पहाटे ५.२०, सिरसा गेट

जी. ई. रोडला लागलो तेव्हा रस्ता चालणाऱ्यांनी भरलेला होता. ग्रेट ईस्टर्न रोड हे नाव आता कुणाच्या तोंडी नाही, जी. ई. रोडच म्हणतात. रायपूर, कुम्हारीकडून रात्रभर चालत आलेली पोरं लाल झेंडे खांद्यावर टाकून भराभर पुढे जात होती. काहींच्या पायांत काहीच नव्हतं. "जय माता दी" अशी हाळी मागून येते, आपण तिला उत्तर द्यायचं, आणि तोवर ती पुढे गेलेली असते.

जायचं आहे डोंगरगडला, आई बम्लेश्वरीकडे. चरोद्याहून दुर्ग वीसेक किलोमीटर, तिथून राजनांदगाव तीस, आणि पुढे डोंगरगड तेवढंच किंवा थोडं जास्त. तरणी माणसं दीड-दोन दिवसांत गाठतात. आम्ही पाच दिवस धरले आहेत.

डोंगरगड आमच्याच लाइनवर, मुंबई-हावडा मार्गावर आहे. नवरात्रात तिथे जास्तीच्या गाड्यांना थांबे मिळतात, लोकल पुढपर्यंत वाढवतात, त्यामुळे त्या नऊ दिवसांत रजेचं नावच काढायचं नाही. सगळ्या नोकरीत मी आश्विनातल्या रात्री त्या डोंगराखालून गेलो. ब्रेकव्हॅनच्या दारात उभं राहून, हिरवा दिवा दाखवून झाला की वर पाहायचं. डोंगरमाथ्यावर दिव्यांची रांग. हात जोडेपर्यंत गाडी वळणावर जायची. "आई, निवृत्त झालो की पायी येतो," असं किती वेळा म्हटलं असेन.

सकाळी ७.००, पॉवर हाऊस

खुर्सीपार ओलांडून पॉवर हाऊसला आलो. डाव्या हाताला कारखान्याच्या चिमण्या. ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांनी इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. रशियाच्या मदतीने उभा राहिलेला कारखाना. देशातल्या रेल्वेचे रूळ मुख्यतः इथलेच. एकशे तीस मीटर लांबीचा अखंड रूळ घेऊन जाणारी गाडी वळणावर रुळांसकट वाकते, ते पाहण्यासारखं असतं.

पॉवर हाऊस स्टेशनजवळ मी दोन मिनिटं उभा राहतो, दरवर्षी. १ जुलै १९९२ ला रुळांवर बसलेल्या कामगारांवर इथे गोळीबार झाला, माणसं मेली. त्याआधी सप्टेंबर १९९१ मध्ये शंकर गुहा नियोगींची भिलाईतच हत्या झाली होती. या रस्त्याने देवीकडे जाताना त्या माणसांना ओलांडून जाववत नाही. हीपण पदर डोक्यावर घेऊन उभी राहते, काही बोलत नाही.

मग गोळी आणि खाणं. मला उपास झेपत नाही, साखर खाली जाते. यात्रेकरूंसाठी घातलेल्या एका मंडपातले पोहे घेतले, हिने लाडू.

सकाळी ७.५० ते १०.३०, सुपेला, नेहरूनगर, दुर्ग

सुपेल्यापासून मंडपांची रांग लागते. कुठे चहा, कुठे साबुदाण्याची खिचडी, कुठे पुरी-भाजी, कुठे नुसतं थंड पाणी. गाडी पुसणारी पोरं, दुकानदार, कॉलनीतल्या बाया, सगळे हात जोडून बोलावतात. "थोरकिन सुस्ता ले कका," एक मुलगी म्हणाली. थोडा दम घे, काका. छत्तीसगढीतलं हे 'सुस्ता ले' मला मराठीतल्या कुठल्याही शब्दापेक्षा गोड वाटतं.

त्याच मंडपात मिठाच्या गरम पाण्याचा टब ठेवला होता. ही बसली, पाय सोडले आणि डोळे मिटले. माझ्यापुढेही एका पोराने टब सरकवला. मी त्याचे दोन्ही हात धरून नको म्हटलं. त्याला वाईट वाटलं असावं, म्हणून त्याला कारण सांगितलं.

मधुमेह जुना झाला की तळव्यांची जाणीव कमी होते. पाणी पोळतंय की कोमट आहे, पायाला कळतच नाही. २०२२ मध्ये मी पहिल्यांदा चाललो, सगळ्यांसारखाच. दिवसा चालणं, रात्री चालणं, मध्ये मंडपातल्या ताडपत्रीवर दोन तास पाठ टेकणं. बुटात खडा होता, तो कळला नाही. मग अशाच एका टबात पाय सोडले. पाणी कढत होतं, तेही कळलं नाही. राजनांदगावात बूट काढला तर मोजा भिजलेला, आणि ते पाणी नव्हतं. डोंगर दहा कोसांवर राहिला आणि मी लोकलने परत आलो. दोन महिने ड्रेसिंग चाललं. डाव्या पायाची करंगळी थोडक्यात वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालायला माझी ना नाही काका. पण रोज दिवस संपला की चांगल्या उजेडात तळवा बघितलाच पाहिजे. धुतला पाहिजे, कोरडा केला पाहिजे, आणि रात्री झोपलं पाहिजे." यातलं एकही काम रात्री दोन वाजता मंडपाच्या कोपऱ्यात होत नाही.

त्या पोराने सगळं ऐकून घेतलं आणि टब उचलून दुसऱ्या आजीपुढे ठेवला. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारू लागला, "शुगर तो नहीं है?" मला फार बरं वाटलं.

नेहरूनगरनंतर ऊन चढलं. साडेदहाला दुर्गात शिरलो. पायातलं बळ संपायच्या आत थांबलो.

दुपारी १२.००

खोली ठरवताना मी फोनवर तीन गोष्टी विचारतो. खोली तळमजल्यावर आहे का, नाहीतर लिफ्ट चालू आहे का. संडास खुर्चीचा आहे का. वीस किलोमीटर चालल्यावर उकिडवं बसणं म्हणजे दुसरी यात्रा. आणि ट्यूबलाइट चांगली आहे का. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस हमखास थांबतो. टीव्ही, एसीबद्दल मी विचारत नाही.

बारापर्यंत खालीच बसून होतो, मग किल्ली मिळाली. पांढरी चादर, दोन उशा, बाथरूममध्ये बादली-मग. हिने नळ सोडला, कोपर पाण्यात बुडवून बघितलं, लहान बाळाच्या आंघोळीचं बघतात तसं. "या आता," म्हणाली. कोमट पाण्यात साबणाने पाय धुतले. भिजत ठेवायचे नाहीत, धुऊन लगेच काढायचे. मऊ टॉवेलने पुसले, आणि मग प्रत्येक बोटाच्या बेचक्यातून टॉवेलचं टोक फिरवलं, कारण ओल राहते ती तिथेच. ट्यूबलाइटखाली खुर्ची ओढली, आरसा जमिनीवर ठेवला आणि त्यावर तळवा धरला. बॅटरीचा उजेड टाचेपासून वर नेला. जुन्या जखमेची खूण गुलाबी आहे, पण कोरडी. डाव्या अंगठ्याखाली थोडी लाली. बोटाने दाबली, गेली. ठीक. टाचांना व्हॅसलीन, बेचक्यांत नाही.

फोड आला तो हिच्या टाचेवर, पावट्याएवढा. फोडायचा नाही. वरची कातडी हीच त्याची पट्टी. स्वच्छ केला, वरून मऊ चिकटपट्टी लावली. हिचे पाय मी मांडीवर घेतले तेव्हा ही म्हणाली, "अहो, नवरात्रात माझे पाय नका धरू." मी म्हटलं, "नवरात्रातच धरायचे."

बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवले, मोजे धुतले. खालच्या आचाऱ्याने हिच्यासाठी उकडलेले बटाटे सैंधव घालून पाठवले, आणि ताक. त्याचीही तिसरी माळ होती.

दुपारी २.००

ही झोपली. मी पडून विचार करत होतो.

यात्रेकरूला सुखाने टेकू द्यावं, हे आपल्याकडे नेहमीच पुण्याचं काम मानलं गेलं. अहिल्याबाईंनी काशी, गया, सोमनाथपासून दूरदूरच्या तीर्थांवर धर्मशाळा, घाट, विहिरी बांधल्या. धर्मशाळा म्हणजे त्या काळची चांगली खोलीच की: डोक्यावर छप्पर, दाराशी पाणी, चोराचं भय नाही. आमच्या विदर्भातल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा उभारल्या. स्वतः झोपडीत राहिले, पण चालून आलेल्या गरिबाने उघड्यावर पडावं हे त्यांना सोसलं नाही. पंढरीच्या वारीतही दिंडीचा ट्रक पुढे जातो, राहुट्या ठोकतो, वळकट्या उतरवतो; म्हणून मागचे टाळ वाजवत मोकळ्या खांद्याने चालू शकतात. तिकडे स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रेच्या शेवटी राजाराणीने यात्रेकरूंसाठी १४९९ च्या सुमारास मोठा दवाखाना नि निवारा बांधायला घेतला. तो आज त्या गावातलं सगळ्यात उंची हॉटेल आहे. त्या यात्रेचं प्रमाणपत्र मिळवायचं तर चालणाऱ्याचे किमान शंभर किलोमीटर पायी झालेले असावे लागतात. रात्री कुठे झोपलात ते कुणी विचारत नाही.

मला एवढंच म्हणायचं आहे की, पायांनी जे द्यायचं ते पुरतं द्यावं. एक पाऊलही वाहनाने काढू नये. आमचा नियम पक्का आहे: जिथे थांबलो, दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलायचं. राजनांदगाव ते डोंगरगड मध्ये मुक्कामाची सोय कमी. म्हणून मुसऱ्यापर्यंत चालायचं, लोकलने राजनांदगावच्या खोलीवर परत, आणि दुसऱ्या पहाटे लोकलने मुसऱ्याला उतरून त्याच फलाटावरून पुढे. बाकल, मुसरा, जटकन्हार, ही स्टेशनं मला अंधारातही वासाने ओळखू येतात. नागपूरहून राजनांदगावपर्यंतची पहिली मीटरगेज १८८० मध्ये पोहोचली; तिच्या बाजूने आता पायी जायचं आहे.

राजनांदगावात दिग्विजय कॉलेजपर्यंतही जाणार आहोत. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून तिथे शिकवत होते. घरात मराठी बोलणारा माणूस हिंदीचा एवढा मोठा कवी झाला. आमच्यासारख्या, दारात एक आणि रस्त्यावर दुसरी भाषा बोलणाऱ्या घरांना त्यांची फार जवळीक वाटते.

संध्याकाळी ५.३० ते ८.३०

खरं काम आता. पुलगावच्या बाजूला शिवनाथच्या पुलाआधी एक मंडप आहे, तिथे दोन वर्षांपासून आमची संध्याकाळ ठरलेली. ही पुऱ्या लाटायला बसते, मी पायांच्या कोपऱ्यात. मलम, कापूस, चिकटपट्टी, कात्री. ऊन उतरलं की चालणाऱ्यांचा लोंढा वाढतो. सकाळपासून मीही चाललो, पण दुपारी झोपलो आहे, म्हणून वाकता येतं, बोलता येतं, कुणाची टाच हातात घेता येते. २०२२ मध्ये याच वेळी मी कुणाकडे बघतही नव्हतो. माझंच दुखणं मला पुरत होतं.

पलीकडे मांदर आणि झांज घेऊन देवीचं जसगीत चाललं होतं. साठीपुढचा एक शेतकरी आला, रबरी चपला, पंजाला दोरीने बांधलेल्या. कुम्हारीच्याही पलीकडून आला होता. त्याच्या तळव्याला भेग होती, तिच्यात खडीची कच अडकलेली. पाणी ओतून ओतून ती बाहेर काढली. तो तोंडाने "बमलाई, बमलाई" म्हणत होता, आणि हात माझ्या खांद्यावर. पट्टी बांधून झाल्यावर त्याने विचारलं, "सुते बर जघा मिलही?" झोपायला जागा मिळेल का?

मंडपात गाद्या मोजक्या, येणारे अमाप. कार्यकर्त्याने कडेच्या दोघांना जरा सरकायला सांगितलं, तो मध्ये आडवा झाला आणि बोलता बोलता झोपला. आम्ही दोघं तिथे उतरलो असतो तर दोन गाद्या आमच्याखाली गेल्या असत्या. ज्याच्या पेन्शनीत खोलीचं भाडं बसतं, त्याने ती जागा अडवू नये. खोलीचं जेवढं भाडं, तेवढीच रक्कम मंडपाच्या पेटीत टाकायची, हा हिचा नियम. पेटीपाशी ती एकटीच जाते.

रात्री ९.१५

खोलीवर आलो. पुन्हा तळवे धुतले, आरसा, बॅटरी. लाली नाही. सूनबाईचा फोन आला. दिवा तेवतो आहे, दोनदा तेल घातलं. मग वही काढली. नोकरीत गार्ड जर्नल भरायचो, तीच सवय: चरोदा सुटलो ४.१५, सिरसा गेट ५.२०, पॉवर हाऊस ७.००, दोन मिनिटं उभे, दुर्ग १०.३०. डिटेन्शनच्या रकान्यात लिहिलं, सुपेला, वीस मिनिटं, टब.

झोपण्याआधी खाली काउंटरवर गेलो. पोरगेलासा मुलगा होता. त्याला म्हटलं, "पहाटे सव्वातीनला उठवशील बेटा? फोन नको, दार वाजव."

त्याने रजिस्टर उघडलं आणि खोली नंबर, वेळ लिहिली. मी पेन मागून घेतलं आणि समोर सही केली. तो बघत राहिला. "अंकल, इसमें साइन नहीं लगता."

"राहू दे," मी म्हटलं, आणि वर आलो.